न मागितलेला माल

पेढीसमोर मालाची गाडी लागली की पहिले पोते खाली येण्यापूर्वी मुनीमजी बीजक मागून घेतात. बीजकात चाळीस पोती लिहिलेली असतील आणि गाडीतून बेचाळीस निघाली, तर दोन पोती फुकट मिळाली म्हणून कोणी हरखून जात नाही. ती कोणाची, कशासाठी आली, आत काय आहे, याची चौकशी होते आणि उलगडा होईपर्यंत ती वखारीत जात नाहीत. ही शिस्त व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मात्र त्याच पेढीवर नवा संगणक येतो, तेव्हा ती कोणाला आठवत नाही.

सांगलीकडच्या हळद-बेदाण्याच्या एखाद्या अडत पेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दिवाळीच्या मुहूर्तावर नवा लॅपटॉप घेतला आहे. वहीपूजनाच्या वेळी किर्द-खतावणीशेजारी त्यालाही हळदकुंकू लागले आहे. पेढीची जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार सूनबाई पाहतात. त्यांनी लॅपटॉप उघडला तो पडद्यावर गर्दीच गर्दी! एका अँटिव्हायरसची ठरावीक मुदतीची चाचणी आवृत्ती, दोन-तीन खेळ, खरेदीच्या संकेतस्थळांची चिन्हे, उत्पादक कंपनीचे दोन ‘साहाय्यक’ आणि कोपऱ्यात ‘आपले संरक्षण लवकरच संपत आहे’ असे बजावणारी लाल पट्टी. सूनबाई एकेक वस्तू काढू लागल्या, तेव्हा शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी त्यांना थांबवले.

“राहू दे की. एवढे पैसे मोजलेत. त्यात जे जे आलंय, ते आपलंच. काढायचं कशाला?”

“अप्पा, याचे पैसे आपण दिलेलेच नाहीत,” सूनबाई म्हणाल्या. “दुसऱ्या कोणीतरी दिलेत.”

हे चित्र आज पुष्कळ घरांतले आहे. अप्पांचा प्रश्न काटकसरी माणसाचा आणि रास्त आहे. सूनबाईंचे उत्तरही खरे आहे. त्या उत्तराचा अर्थ नीट समजून घेणे मात्र प्रत्येक व्यापारी कुटुंबाच्या हिताचे आहे. कारण आज पेढीची तिजोरी, वही आणि बँकेची किल्ली या तिन्ही गोष्टी याच एका यंत्रात सामावल्या आहेत.

पैसे कोणी दिले?

संगणक बनवणाऱ्या कंपन्यांची आपसांतील स्पर्धा तीव्र आहे आणि प्रत्येक नगामागे उरणारा नफा थोडा असतो. ही कसर भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे नव्या संगणकातील जागा भाड्याने देणे. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या आपला कार्यक्रम आधीच बसवून देण्याबद्दल उत्पादकाला मोबदला देतात, किंवा पुढे ग्राहकाने वर्गणी भरली तर तीत उत्पादकाचा वाटा ठेवतात. दुकानाच्या दर्शनी फळीवर आपला माल मांडावा म्हणून कंपन्या दुकानदाराला पैसे देतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे ती फळी ग्राहकाच्या घरात असते आणि तिचे भाडे ग्राहकाला मिळत नाही. अशा आधीच भरलेल्या निरुपयोगी सॉफ्टवेअरला इंग्रजीत ‘ब्लोटवेअर’ म्हणतात. फुगवटा आणणारे सॉफ्टवेअर, असा त्याचा भाव आहे.

या व्यवहारावरचा पडदा २००८ साली एकदा मौजेने सरकला. सोनी कंपनीने आपल्या वायो मालिकेतील काही लॅपटॉपसाठी ‘फ्रेश स्टार्ट’ नावाची सोय जाहीर केली. ४९.९९ डॉलर अधिक दिल्यास हे जादा कार्यक्रम न भरता लॅपटॉप मिळेल, अशी ती सोय होती. म्हणजे वस्तू घेण्यासाठी नव्हे, वस्तू न घेण्यासाठी किंमत मोजायची! ग्राहकांत टीकेची झोड उठली आणि कंपनीने ते शुल्क लगोलग रद्द केले. ज्या वस्तूच्या नसण्याला दाम लागतो, तिच्या असण्याचा दाम कोणीतरी आधीच चुकता केलेला असतो, एवढे मात्र त्या निमित्ताने सर्वांना कळून चुकले.

बहुतेक ब्लोटवेअर हे केवळ अडगळीच्या जातीचे असते. ते जागा अडवते, संगणक सुरू होताना आपणही जागे होते, यंत्राची गती मंदावते आणि वारंवार वर्गणी मागत राहते. एवढेच असते तर हा विषय घरातल्या आवराआवरीचा ठरला असता. पण अडगळीत कधी काय दडलेले असते, याचा धडा २०१५ साली साऱ्या जगाला मिळाला.

सुपरफिशचे प्रकरण

लेनोवो ही संगणक बनवणारी जगातील एक अग्रगण्य कंपनी. २०१४ च्या उत्तरार्धात तिने घरगुती ग्राहकांसाठीच्या काही लॅपटॉपमध्ये ‘व्हिज्युअल डिस्कव्हरी’ नावाचा कार्यक्रम आधीच बसवून विकायला सुरुवात केली. तो सुपरफिश या अमेरिकन कंपनीचा होता. ग्राहक संकेतस्थळावर एखादी वस्तू पाहू लागला की तिच्यासारख्या दिसणाऱ्या अन्य वस्तूंच्या जाहिराती दाखवणे, हे त्याचे काम. हा कार्यक्रम पडद्यावर चिन्हरूपाने दिसत नव्हता. ग्राहक प्रथम एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावर गेला की एक खिडकी उघडे. तिच्या तळाशी नकार देण्याची बारीक जोडणी असे. ती नजरेतून सुटली आणि ग्राहकाने नुसती खिडकी बंद केली, तरी त्याची संमती गृहीत धरली जाई.

खरा घोटाळा मात्र जाहिरातींत नव्हता. ग्राहक काय पाहतो आहे हे कळावे, म्हणून या कार्यक्रमाने ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्या मधोमध आपले आसन मांडले होते. बँकेसारख्या संस्थांची संकेतस्थळे आपला मजकूर सांकेतिक रूपात पाठवतात, तो वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणूनच. ही सांकेतिक वाहतूकही उघडता यावी, यासाठी त्याने संगणकाच्या विश्वासाच्या मुळाशीच हात घातला.

बँकेतील व्यवहाराच्या उदाहरणाने हे सहज कळेल. धनादेश खिडकीवर आला की त्यावरील सही बँकेत ठेवलेल्या नमुना-सहीशी ताडून पाहतात. सही जुळली तर रक्कम मिळते. संगणकही तसेच करतो. बँकेचे संकेतस्थळ उघडताना ते आपले प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर विश्वासार्ह संस्थेची सही आहे काय, हे ब्राउझर आपल्याजवळील यादीशी ताडून पाहतो. जुळले, तर पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसते. सुपरफिशने या यादीत स्वतःचेच नाव घातले होते. एखाद्या जाहिरातदाराने बँकेच्या नमुना-सह्यांच्या कपाटात आपले कार्ड सरकवून ठेवावे आणि त्यानंतर त्याने कोणाच्याही नावाने केलेली सही कारकुनाला खरी वाटावी, तसा हा प्रकार होता. ग्राहक आपल्या बँकेचे पान उघडी, पण संगणकाला दिसणारे प्रमाणपत्र बँकेचे नसे. ते सुपरफिशने जागच्या जागी बनवलेले असे. कुलपाचे चिन्ह मात्र जसेच्या तसे दिसत राही.

याहून मोठी चूक पुढेच होती. अशी सही करण्यासाठी लागणारी गुप्त किल्ली प्रत्येक लॅपटॉपमध्ये ठेवलेली होती आणि ती सर्व लॅपटॉपमध्ये एकच होती. साऱ्या वसाहतीला एकाच किल्लीचे कुलूप आणि ती किल्ली प्रत्येकाच्या उंबऱ्याखाली, अशी अवस्था. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे प्रकरण उजेडात येताच रॉबर्ट ग्रॅहम या संगणक-सुरक्षातज्ज्ञाने त्या किल्लीचा परवलीचा शब्द काही तासांतच शोधून काढला. ‘कोमोडिया’ हा तो शब्द. ज्या कंपनीने ही मध्यस्थीची यंत्रणा बनवली होती, तिचेच ते नाव! ही किल्ली हाती असलेला कोणीही माणूस रेल्वे स्थानकावर किंवा हॉटेलातील सार्वजनिक वाय-फायवर बसून अशा लॅपटॉपपुढे बँकेचे सोंग उभे करू शकत होता आणि लॅपटॉप ते खरे मानणार होता.

२० फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या संगणक-आपत्ती यंत्रणेने धोक्याची सूचना काढली. लेनोवोने कार्यक्रम काढून टाकण्याचे साधन उपलब्ध करून दिले आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या डिफेंडरला तो ओळखून काढायला शिकवले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नेहमीच्या पद्धतीने कार्यक्रम काढला, तरी यादीतील ते खोटे प्रमाणपत्र मागे उरत होते. ते वेगळे काढावे लागत होते. घुसखोर गेला, पण त्याने करवून घेतलेली किल्ली घरातच राहिली, असा त्याचा अर्थ.

पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेचा संघीय व्यापार आयोग आणि ३२ राज्ये यांच्याशी लेनोवोची तडजोड झाली. राज्यांना ३५ लाख डॉलर द्यायचे, असे सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यायची आणि आधीच बसवल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेची व्यवस्था २० वर्षे चालवून तिची त्रयस्थाकडून तपासणी करून घ्यायची, अशा तिच्या अटी होत्या. आरोप मान्य नसल्याचे कंपनीने त्या वेळी म्हटले होते. तिचे २०१५ मधील आणखी एक निवेदन मात्र व्यापाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे. सुपरफिशबरोबरचा हा संबंध आर्थिक दृष्ट्या फारसा मोठा नव्हता, असे तिने स्वतःच सांगितले. ग्राहकांचा वर्षानुवर्षांचा विश्वास पणाला लागला, तो इतक्या अल्पशा लाभापायी. पेढीची पत कशी जाते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हा प्रसंग एकटा नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेल कंपनीच्या काही संगणकांत ‘ई-डेल-रूट’ नावाचे असेच प्रमाणपत्र त्याच्या गुप्त किल्लीसह सापडले. त्यामागे जाहिरात नव्हती. ग्राहकसेवा सुलभ व्हावी हा हेतू होता. धोका मात्र तोच. डेलने चूक मान्य केली आणि ते काढण्याची रीत प्रसिद्ध केली. हेतू चांगला असला तरी न विचारता ठेवलेली वस्तू अपाय करू शकते, हे यातून दिसले.

काय ठेवावे, काय काढावे?

घाईघाईने सर्व पुसून टाकणे हा यावरचा उपाय नव्हे. वखारीतील माल जसा प्रतवारीने लावतात, तशी येथेही प्रतवारी करावी. पडदा, ध्वनी, टचपॅड आणि वाय-फाय चालवणारे ड्रायव्हर ही पहिली प्रत. त्यांना हात लावू नये. मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ अशा नावाच्या ज्या अनेक नोंदी दिसतात, त्याही ठेवाव्यात. इतर कार्यक्रम त्यांच्या आधारे चालतात. संगणकाच्या मूळ यंत्रणेच्या सुधारणा आणणारे उत्पादकाचे एखादे साधनही उपयोगी असते.

दुसरी प्रत अडगळीची. खेळ, खरेदीची चिन्हे, न वापरली जाणारी चित्र-संगीताची साधने इत्यादी. ही निःशंक काढावीत. तिसरी प्रत चाचणी आवृत्त्यांची. त्यांत अँटिव्हायरस मुख्य. त्याची वर्गणी भरायची की नाही, याचा निर्णय पहिल्याच आठवड्यात करावा. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर अंगभूत असतो. दुसरा अँटिव्हायरस असेपर्यंत तो बाजूला उभा राहतो आणि दुसरा काढल्यावर पुन्हा कामाला लागतो. म्हणून चाचणीची मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच ठेवणे सर्वांत वाईट. पगार थांबलेला पहारेकरी दारात झोपला आहे आणि त्याच्याकडे पाहून दुसरा पहारेकरी पुढे येत नाही, अशी ती स्थिती होऊ शकते.

चौथी प्रत ज्यांची ओळख पटत नाही अशांची. त्यांचे नाव आणि प्रकाशक कागदावर उतरवून घ्यावा आणि उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा जाणकाराकडे चौकशी करूनच निर्णय घ्यावा.

काढण्याची रीत सोपी आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, त्यात ॲप्स आणि त्यात इन्स्टॉल्ड ॲप्स हे पान उघडले की पूर्ण यादी दिसते. तेथून एकेक कार्यक्रम काढता येतो. काही अँटिव्हायरस असे पूर्ण निघत नाहीत. त्यांच्याच कंपन्या त्यासाठी वेगळे साधन देतात; ते त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. त्यानंतर ॲप्समधीलच स्टार्टअप हे पान पाहावे. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांची ती यादी असते. अनावश्यक नावांपुढील खूण बंद करावी. संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ एवढ्यानेही पुष्कळदा कमी होतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ या सदराखाली संभाव्य नको असलेल्या ॲपना अडवण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी.

संगणक अगदी कोरा हवा असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवून ते नव्याने बसवता येते. ज्या संगणकात विंडोज अधिकृतपणे आले आहे, त्याचा परवाना सामान्यतः त्या यंत्राशी जोडलेला असतो आणि तेच विंडोज पुन्हा बसवल्यावर तो आपोआप ओळखला जातो. सेटिंग्जमधील ‘रीसेट’ हा मार्ग सोपा असला, तरी काही यंत्रांत त्यानंतर उत्पादकाचे कार्यक्रम परत येतात. यांपैकी काहीही करण्यापूर्वी आपली माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि ती उघडते की नाही, हे पडताळून पाहावे. वहीची प्रत करून ठेवली, पण पाने कोरी निघाली, असे होऊ नये. नव्या संगणकावर वह्या चढवण्यापूर्वीच ही सफाई उरकली, तर हा व्यापच उरत नाही.

एका मोहापासून विशेष जपावे. ‘संगणक झटपट स्वच्छ करा’ अशी जाहिरात करणारी फुकट साधने पुष्कळदा स्वतःच नको असलेला माल असतात. तसेच पडद्यावर एकाएकी ‘आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर संपर्क साधा’ अशी पाटी आली, तर त्या क्रमांकावर कधीही दूरध्वनी करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत दूरध्वनी क्रमांक नसतो.

फुकटाची खरी किंमत

उत्पादकाने भरलेला माल एक वेळ यादीत दिसतो. गावातील विक्रेत्याने किंवा दुरुस्तीसाठी आलेल्या तरुणाने ‘साहेब, फुकट टाकून देतो’ म्हणून भरलेला माल याहून धोक्याचा असतो. विनापरवाना विंडोज, विनापरवाना हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि ते चालावे म्हणून वापरलेले कुलूपतोडे साधन, हे सारे त्यात येते. असे साधन बसवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सर्व आले. काही हजार वाचतात आणि पेढीचा सारा व्यवहार अनोळखी माणसाच्या हाती जातो. शिवाय तो कॉपीराइट कायद्याचा भंग आहे, ही गोष्ट वेगळीच.

दुरून संगणक हाताळण्याची ॲपही अशीच मागे राहून जातात. दुरुस्तीसाठी ती क्षणभर लागतात. काम झाल्यावर त्याच वेळी काढून टाकावीत. एनीडेस्क या ॲपच्या आधारे भ्रमणध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. एनीडेस्क हे स्वतः वाईट साधन नाही. पण परक्याच्या हाती दिलेली किल्ली चांगल्या कुलपाचीही असली तरी परिणाम तोच.

भ्रमणध्वनीवरही हाच प्रश्न आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्या निर्णयात आधीच बसवलेली ॲप काढण्याची मुभा ग्राहकाला असावी, असाही एक निर्देश होता. २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु हा निर्देश आणि अन्य तीन निर्देश रद्द केले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. युरोपीय संघाने मात्र बड्या कंपन्यांवर मार्च २०२४ पासून ही मुभा देण्याचे बंधन घातले आहे. कायदा आपल्या गतीने येईल. तोपर्यंत घराची राखण घरच्यांनाच करावी लागेल.

आणि एवढे करूनही खात्यातून रक्कम गेलीच, तर संकोचाने गप्प बसू नये. बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे. अशा वेळी प्रत्येक घटका मोलाची असते.

संगणकाचे बीजक

पुन्हा त्या पेढीकडे वळू. सूनबाईंनी हे सारे समजावून सांगितले. सही आणि नमुना-सहीचे उदाहरण ऐकताच अप्पांनी मान डोलावली. त्यांनी कपाटातून एक कोरी वही काढली, वर तारीख घातली आणि म्हणाले, “तू नावं वाच. मी लिहून घेतो.”

सूनबाई पडद्यावरची नावे वाचत गेल्या. अप्पा प्रत्येकापुढे ‘ठेवले’ किंवा ‘काढले’ असे लिहीत गेले. अर्ध्या तासात वहीची दोन पाने भरली. शेवटी एक नाव असे उरले की ते कोणाचे, हे दोघांनाही सांगता येईना.

“हे विचारून बघू उद्या,” सूनबाई म्हणाल्या. “तोवर हळदीच्या पार्टीचे पैसे पाठवून टाकू का?”

अप्पांनी त्या नावापुढची जागा कोरी ठेवली आणि वही मिटली.

“उलगडा होईतो नको. आजचा दिवस चेक देऊ. बँकेचं पान उद्या उघडू.”